बाहीरची बाज

बाटलीचं झाकण दातानं उघडायचा जमुनाचा बेत आकांक्षानं फोनवरूनच ओळखला.

"आई, दात लावू नको त्याले."

"तुले तिथून दिसून राहिलं काय?"

"दिसाले कायले पायजे? तू सारं दातानंच उघडतं. फडकं घे अन् फिरव."

जमुनानं फोन साबणाच्या डब्याला टेकवून ठेवला. न्हाणी परसात होती, तीन भिंतींची, वर उघडं आभाळ. म्हणूनच लेकीनं तिला स्पिरिटची बाटली घेऊन इथं पाठवलं होतं. घरात दिवा होता. नवऱ्याला, शालिकरामला, शेवटी जमिनीवर घेतलं त्या जागी तो नऊ दिवस अखंड जळत होता, आणि शेजारच्या बेबीताई त्याची वात सारत बसल्या होत्या. दिवा विझवता येत नाही, दिव्याच्या घरात स्पिरिट ओतता येत नाही. तेव्हा स्पिरिटनंच बाहेर जायला हवं होतं.

सीलबंद दोन बाटल्या आकांक्षा अमरावतीला नेणार होती, ती नर्स होती त्या दवाखान्यात. उरली ही अर्धी. तिचं झाकण आडवं बसलेलं. उघडायचं नाही, पण झिरपायचं मात्र. उद्या दहावा. परसात मोठी चूल पेटणार, म्हणून लेकीला घाई. जमुनाची घाई वेगळी होती. उद्या सोयरेधायरे येतील, कोणीतरी नाक वर करील, आणि म्हणेल, शालिकरामनं शेवटपर्यंत सोडली नाही वाटते.

बारा वर्षांपूर्वी सोडली होती त्यानं. पण लोकांच्या नाकाला कुठं तारीख माहीत असते!

"बादलीभर पाणी घे. त्यात पेलाभर स्पिरिट. मोरीत वत, अन् वरून अजून पाणी. मंग दुसरा पेला. घाई करू नको. अन् फिनाईल, ब्लिचिंग कायी मिसळू नको त्यात."

"मी काय फोडणी देऊन राहिली काय, मिसळाले?"

फडक्यानं जोर लावला तसं झाकण एकदम सुटलं. बाटली हिंदकळली, हातावर, मनगटावर, पदरावर स्पिरिट सांडलं. गार वाटलं. आणि मग वास आला.

या वासाच्या भाऊबंदाशी तिनं अठरा वर्षं संसार केला होता. शालिकराम पहाटे मेथीच्या जुड्या घेऊन अकोल्याच्या बाजारात जायचा आणि दिवस मावळता रिकामी पोती आणि तो वास घेऊन बार्शीटाकळीला उतरायचा. तिनं भांडण कधी केलं नाही. नियम केला. वास आला की बाज बाहेर. ती बाज उचलून ओसरीत टाकायची, तो मुकाट्यानं जाऊन पडायचा. थंडीत ती दारातूनच गोधडी फेकायची. पुढंपुढं तर तिनं तोंड उघडायच्या आधीच तो स्वतःच बाज उचलायचा आणि म्हणायचा, "आज बाहीर."

मग दारू सुटली. बाज ओसरीतच राहिली, मेथीच्या जुड्या बांधायला.

गेल्या वर्षी उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, कूस बदलत राहा, पाठीला स्पिरिट लावा, पावडर लावा, जखमा होऊ देऊ नका. पहिल्या दिवशी तिनं तळहातावर स्पिरिट घेतलं तेव्हा तो वाकडं हसला होता. डाव्या हातानं बाटली दाखवली, मग आपलं तोंड. तीही हसली होती. नंतर त्याचं हसणं गेलं आणि एक शब्द परत आला, तेवढाच.

"बाहीर."

पाठ चोळून झाली की रोज. "काय बाहीर? बाटली?" तिनं बाटली ओसरीच्या कोनाड्यात नेऊन ठेवली. "बाहीर." वारा पाहिजे असेल म्हणून खिडकी उघडली. "बाहीर." बोट उचललेलं, डोळे तिच्यावर.

शेवटच्या संध्याकाळी ती थकली होती. "जलमभर बाहीरच तं होते तुमी," ती म्हणाली, "आता चूप पडा." तो चूप पडला. पहाटे पाहिलं तर चूपच होता.

त्याचा धाकटा भाऊ देवमन म्हणाला, भाऊले मळ्यात जायचं होतं. सगळ्यांना पटलं. तिरडी मळ्यावरून नेली. उद्या पिंडाला कावळा शिवला नाही, तर देवमन हात जोडून सांगणार होता, भाऊ, मळा मी पाहतो, मेथी दरवर्षी लावतो. माना हलल्या होत्या. जमुनाची हलली नव्हती. आणि तरीही कावळा अडला, तर सगळे तिच्याकडे बघणार होते. बायकोला माहीत असते म्हणतात.

तिला माहीत नव्हतं.

शेवटचा पेला मोरीत गेला. तिनं बाटली तीनदा विसळली, कापसाचे बोळे पाण्यात बुडवले, हात कोपरापर्यंत धुतले.

"झालं. जाऊ आता घरात?"

"पदरावर सांडलं ना? मंग दिव्यापाशी जाऊ नको, आई. साडी बदल."

"साड्या घरातच हायेत."

"मंग ओसरीत बस. वाळलं की उडून जाते ते. वास गेला की जा आत."

फोन बंद झाला. जमुना घराला वळसा घालून ओसरीत आली आणि बाजेच्या कडेवर टेकली. अंगाला वास येत होता. दार उघडं होतं. आत दिव्याची ज्योत, बेबीताईंची पाठ, आणि पलीकडं त्याची खाट असायची ती मोकळी जागा. या बाजेवरून तिनं घराकडं कधी असं बघितलंच नव्हतं. जुड्या बांधताना मान खाली असते.

खाट आणि बाज अगदी समोरासमोर असायच्या.

त्याचं बोट कोनाड्याकडं नव्हतं. खिडकीकडंही नव्हतं. रोज संध्याकाळी ती त्याच्या अंगाला वास लावायची, आणि तो तिला तिच्याच नियमाची आठवण करून द्यायचा. स्वतः उचलता येत नव्हती, म्हणून बाज दाखवायचा.

तिनं ओल्या हातानं बाजेची नवार घट्ट धरली.

"जमुना, बाहीर काहून बसली वं?" आतून बेबीताईंनी मान वळवली. "गार सुटलं. ये ना आत."

"अंगाले वास येऊन राहिला, बेबीताई."

"मंग? वासानं काय होते? घर तुयंच हाये. ये आत."

जमुना उठली नाही. बेबीताई पुन्हा वातीकडं वळल्या. मग तिनं तेच शब्द ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिले. उद्या देवमनचं सांगून झालं की हे मोठ्यानं म्हणायचं होतं, चारचौघांत, नदीवर.

"वासानं काय होते. घर तुमचंच हाये. या आत."

एकदा अडखळली. पुन्हा म्हटलं.

पदर केव्हाच वाळला होता. ती मात्र बाहेरच बसून राहिली.