थुंकायचं नाही

आराप सिंगोएची जीभ म्हणजे नुसता वैताग झाला होता. दाढ काढून आणल्यापासून ती मेली सारखी त्या खड्ड्याकडे धावायची. म्हातारा गोठ्यात असो की अंगणात, गालाला आतून टेंगूळ आलं की बायकोनं ओळखावं.

"जीभ!" चुलीपाशी बसलेली तापसुबेई ओरडायची.

"गप पडलीय बिचारी."

"मग गालात उंदीर शिरलाय का? आत घ्या म्हणते ना!"

म्हातारा जीभ आत घ्यायचा, उठायचा, कुंपणापर्यंत जायचा, परत यायचा. बसवत नव्हतं, झोपवत नव्हतं. भीतीच तशी घातली होती एल्डोरेट शहरातल्या दातांच्या डॉक्टरणीनं.

"आजोबा," डॉक्टर अवुओर म्हणाली होती, "घशाच्या कॅन्सरला तुम्ही किरणांचा शेक घेतलात ना, त्यानं जबड्याच्या हाडाचं रक्त आटलंय. दुसऱ्याची जखम पटकन भरते, तुमची रेंगाळणार. खड्ड्यात रक्ताची गुठळी धरलीय, तेच तुमचं झाकण. ते निघालं आणि हाड उघडं पडलं, तर कुजायला लागेल. मग जबडा कापायची पाळी येईल."

"मग करायचं काय?"

"थुंकायचं नाही! जोरात चूळ भरायची नाही, काही ओढून प्यायचं नाही. मिठाचं पाणी तोंडात धरा, मान वाकवा आणि आपोआप गळू द्या. तान्ह्या बाळाची लाळ गळते ना, तसं."

तापसुबेईला हसू फुटलं होतं. म्हाताऱ्याला नाही. डॉक्टरीण पडली किसुमूकडची, लुओ जमातीची, तिला काय कळणार नांदी लोकांच्या डोंगरात थुंकी म्हणजे काय असते! बाळ जन्मलं, नवी गाय आली, पोरगा शहरात निघाला, की वडीलधाऱ्याची थुंकी अंगावर पडायलाच हवी. तोच आशीर्वाद. आणि थुंकावं तर आराप सिंगोएनं! घोटभर दूध तोंडात घ्यायचा, ओठ आवळायचा आणि फुर्रर्र! समोरच्याच्या छातीवर बारीक तुषार. लांबलांबून बोलावणी यायची. शेक घेतल्यावर तोंडातली लाळ पार आटली, तरी दुधाच्या जोरावर म्हाताऱ्यानं मान राखला होता.

आणि आता शनिवारी जेमेलीचा साखरपुडा. शेंडेफळ. शेक चालू असताना गिळवत नव्हतं तेव्हा हीच पोरगी शिकणं सोडून घरी राहिली. चमच्या चमच्यानं पेज भरवायची. हा चिडून वाटी भिरकावायचा, ती मुकाट्यानं दुसरी आणायची. तिलाच आशीर्वाद द्यायचा नाही?

"किमाइयो भावजींना थुंकू द्या," तापसुबेई म्हणाली.

"किमाइयो? पोरीला दारूनं आंघोळ घालायचीय का?"

"मग पुढं ढकला."

"पाहुण्यांना काय सांगू? बापाच्या तोंडाला कुलूप लावलंय?"

"सांगा! लाज वाटते का जबड्यापेक्षा जास्त?"

वाटत होती. खरंच जास्त वाटत होती, आणि त्याचाच त्याला संताप येत होता. शनिवारपर्यंत तो गोठ्यात जाऊन गाईसमोर नुसते ओठ आवळून बघायचा आणि घाबरून सोडून द्यायचा.

शनिवारी अंगण भरलं. जेमेली बापापुढं गुडघ्यांवर बसली, मान वर, डोळे मिटलेले. धाकट्या भावानं, किमाइयोनं, आतून कोळशाची पूड लावलेल्या भोपळ्याच्या तुंब्यातलं आंबट दूध पुढं केलं. म्हाताऱ्यानं घोट घेतला, चांगल्या बाजूच्या गालात धरला. ओठ आवळले. दारात तापसुबेई स्वतःचाच गाल घट्ट धरून उभी होती.

फुंकणार तोच जीभ गेली खड्ड्याकडं. मऊ गुठळी. आहे अजून.

त्यानं जेमेलीकडं पाहिलं. हे झाकण उडालं, हाड सडलं, तर काय होईल ते त्याला एकदम लख्ख दिसलं. ही पोरगी नवऱ्याचं घर सोडून धावत येईल. वाटी घेऊन. पुन्हा चमच्या चमच्यानं.

म्हाताऱ्यानं मान वाकवली आणि ओठ सैल सोडले. दूध हनुवटीवरून, पांढऱ्या दाढीतून, लेकीच्या गळ्यावर टपटप गळायला लागलं.

कुणीतरी फिसकन हसलं. नव्या व्याह्यांनी मान फिरवली.

"दादा, हे काय?" किमाइयो खेकसला. "थुंक ना! हे तर सांडतंय नुसतं!"

म्हाताऱ्याचे कान तापले. तोंड मिटावं, आत पळून जावं असं वाटलं. पण दूध गळतच होतं. त्यानं ते गळू दिलं.

जेमेलीनं डोळे उघडले नाहीत. गुडघ्यांवर सरकत ती आणखी पुढं आली आणि बापाच्या हनुवटीखाली तोंड धरलं.

"सांडू दे, काका," ती म्हणाली. "भरवताना रोज माझ्या अंगावर असंच सांडायचं बाबांचं. तेव्हा मी पुसून टाकत होते."

आणि दोन्ही तळव्यांनी ते दूध तिनं गळ्यावर, छातीवर, कपाळावर चोळून घेतलं. म्हाताऱ्याला हुंदका आला, तोही त्यानं तोंड उघडंच ठेवून दिला, जपून.