प्रयागबाईची डाळ आणि मी, मातीचं गिरमीट

मित्रांनो, निरवांगीच्या एका घरात लाल मिरच्यांच्या माळेशेजारी खुंटीला टांगलेलं जुनं गिरमीट म्हणजे मी. सुताराच्या गिरमिटाशी माझी गल्लत करू नका हं! ते माझं धाकटं भावंड, लाकडाला भोकं पाडणारं. मी जमिनीच्या पोटात शिरतं आणि तिथली माती वर आणून दाखवतं.

पुण्याच्या एका लोहारानं मला पीळ दिला, बाभळीची मूठ बसवली. मातीचा अभ्यास करणाऱ्या मोहनरावांनी मला हाती घेतलं, ते १९५४ साली. काय सांगू त्या दिवसांचं! वरची काळी माती उबदार असायची, खालची चिकट आणि गार. खोल उतरू लागलं की मला गुंगी यायची. माणसांचे आवाज, बैलांच्या घंटा दूर दूर जायच्या आणि कुठंतरी पाणी हळूहळू चालल्यासारखं वाटायचं.

असेच आम्ही जोतीराम आणि प्रयागबाई या नवरा-बायकोच्या शेतात आलो. चार एकर, कालव्याच्या खालच्या अंगाला. एके काळी तिथं पुरुषभर ज्वारी व्हायची म्हणे. आता सगळीकडे पांढरं मीठ फुटलं होतं. अजून एक-दोन वर्षं बघायचं, नाहीतर जमीन सोडून माळेगावला नव्या साखर कारखान्याच्या कामावर जायचं, असं जोतीरामनं ठरवलं होतं. प्रयागबाईचा मात्र त्या मातीत जीव अडकला होता.

मोहनरावांनी दोरी ताणली, पन्नास पन्नास पावलांवर मला जमिनीत उतरवलं आणि माती पिशव्यांत भरून पुण्याला नेली. वर्षभरानं ते जाडजूड इंग्रजी अहवाल घेऊन परत आले. त्यात माझंही नाव होतं. मी फुगून गेलं होतं अगदी!

प्रयागबाईनं दारात उभं राहून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दादा, समदं खरं असंल. पन माझी ज्वारी कवा उगवनार, ह्ये लिवलंय का त्यात?"

"नाही लिहिलं," मोहनराव हळूच म्हणाले. त्या उत्तरानं ते मला फार आवडले.

"मग मी सांगते. आमच्या हिरीच्या पान्यात डाळ शिजत न्हाय. सरपन संपतं, डाळ हाय तशी! शेजारच्या सरुबाईच्या हिरीच्या पान्यात लोन्यावानी शिजती. असं का?"

दुसरा कुणी हसला असता. मोहनरावांनी वही काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात सात चुली मांडल्या. सात विहिरींचं पाणी सात मडक्यांत, प्रत्येकात तुरीची मूठभर डाळ, आणि जाळ एकाच वेळी. सात घरच्या बायका फुंकण्या घेऊन बसल्या, मोहनराव घड्याळ घेऊन. धुराची निळी जाळी अंगणावर पसरली होती आणि मी कोपऱ्यात टेकून स्वप्नात असल्यासारखं बघत होतं. चार मडक्यांत डाळ विरघळली. तीन मडक्यांत ती खड्यासारखी राहिली.

त्या तीन विहिरी जोडल्या तर एक वाकडीतिकडी रेष निघाली, कालव्याकडून नदीकडं जाणारी, थेट जोतीरामच्या शेतातून. मागल्या वर्षी ती आमच्या दोन भोकांच्या मधून निसटली होती.

मला त्या रेषेवर उतरवलं. काळी माती, चिकट माती, आणि मग कर्रर्र! वाळू! ओढ्याची गोल, गुळगुळीत वाळू.

जोतीरामनं ती तळहातावर घेतली आणि बोटानं चोळून पाहिली. "हितं वढा हुता," तो म्हणाला. "उसाला जागा व्हावी म्हनून माज्या बानं बुजवला. मी धा वर्सांचा हुतो. म्याबी मातीच्या पाट्या टाकल्यात." त्याचे डोळे भरून आले. कालव्याच्या पाझराला नदीकडं जायची वाटच उरली नव्हती. ते पाणी तिथंच तुंबून मीठ वर आणत होतं.

"तुमीच टाकल्यात न्हवं?" प्रयागबाई म्हणाली. "मग तुमीच काढा. आमी समदी हात लावतो."

त्या उन्हाळ्यात मोहनरावांनी उतार दाखवला आणि सात घरांनी मिळून ओढा मोकळा केला. तीन पावसाळ्यांनी मीठ धुऊन नेलं. नवा अहवाल मोहनरावांनी मराठीत लिहिला आणि पुण्याला धाडायच्या आधी चावडीपुढं वाचून दाखवला. बायकांनी त्यातल्या दोन चुका काढल्या! जाताना ते मला इथंच ठेवून गेले.

यंदा शेतात खांद्याएवढी ज्वारी उभी राहिली. प्रयागबाईनं आपल्या विहिरीच्या पाण्यात डाळ टाकली. थोड्या वेळानं एक दाणा बोटांत दाबला. तो पिचला. ती हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. त्याच ओल्या बोटांनी तिनं माझ्या मुठीला हात लावला.

आता माझ्या पिळावर गंज चढलाय. ओल्या मातीत एकदा तरी उतरावं, अशी हुरहूर लागते. पण मित्रांनो, माझा गंज राहू द्या. तुम्ही शिकून मोठे व्हाल, वह्या घेऊन गावोगाव जाल, तेव्हा दोरी ताणायच्या आधी चुलीपाशी बसलेल्या बाईला दोन प्रश्न विचारा. आणि एकदा मोकळी केलेली वाट पुन्हा बुजू देऊ नका. माणूस फार लवकर विसरतो हो!

कालचंच बघा. जेवता जेवता जोतीराम म्हणाला, "वढ्याच्या जागंत उसाच्या चार सऱ्या बसल्या असत्या."

प्रयागबाईनं वरही पाहिलं नाही. "बुजवा की खुशाल. मग डाळबी तुमीच शिजवा."

जोतीरामनं हात धुतला, फावडं उचललं आणि तो ओढ्यातला गाळ काढायला गेला.