अशा नावाचा इसम येथे राहत नाही

भाऊ हरवल्याची तक्रार द्यायला गेले, तेव्हा हवालदाराने विचारलं, "नाव?" मी म्हणाले, "सुनिल हिरू भुरकूड, राहणार झरी, तालुका तलासरी." सावकाश सांगितलं, 'सुनिल'ची वेलांटी पहिली की दुसरी तेही सांगितलं. मी अंगणवाडी सेविका आहे, बारावी शिकले आहे, आणि सरकारी कागदाला काय लागतं ते मला कळतं असा माझा मोठाच समज होता.

ही २०१६ची दिवाळी सरल्यानंतरची गोष्ट. सुनिल हायवेवरच्या एका गोदामात माल चढवाउतरवायला जायचा. काम असलं की रात्री तिथेच झोपायचा. एकदा गेला तो आलाच नाही. मी गोदामात गेले तर मुकादम म्हणाला, "सुनिल नावाचा कोणी माणूस आमच्याकडे कामाला नव्हताच." मी त्याच्याशी कडाकडा भांडले. नाही म्हणजे काय? वर्षभर तुमची पोती वाहिली ती काय भुताने? तो बिचारा माझ्या तोंडाकडे बघत राहिला. तो खरं बोलत होता हे मला फार उशिरा कळलं.

मग पोलीस ठाण्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. दर वेळी एकच उत्तर, शोध चालू आहे. घरी आई होती, नवशी तिचं नाव. बाप लहानपणीच गेलेला. आईचं वागणं मला समजत नव्हतं. मी ठाण्यात निघाले की ती उंबऱ्यात आडवी यायची. "नोको जाव बाय. येल तो. त्याला येवाचा तवा येल." आणि निवांत भाकर थापायला बसायची. पोटचा पोर हरवलाय आणि हिला घास कसा जातो, म्हणून मी तिच्यावर चिडायचे. एकदा तर तोंडावर बोलले, की तुला काळीज आहे का नाही. तिने चुलीत फुंकर मारली.

दुसऱ्या वर्षी एका मीटिंगमध्ये कोणीतरी माहितीच्या अधिकाराबद्दल सांगितलं. म्हटलं, चला, हेही करून बघू. अर्ज लिहिला, की माझ्या भावाच्या तक्रारीवर काय तपास केला त्याची सगळी कागदपत्रं द्या. उत्तर आलं, त्यात दोन ओळी होत्या. शोध चालू आहे, मिळून आल्यास कळविण्यात येईल. वेड पांघरून पेडगावला जायचं म्हणतात ते हेच. माझं डोकं फिरलं. दुसरा अर्ज लिहिला तो रागातच लिहिला. त्या दिवाळीपासूनची, झरी गावची, बापाचं नाव हिरू असलेल्या कोणाही माणसाची, अटक असो, अपघात असो, मेलेला सापडलेला असो, जी असेल ती नोंद द्या. अर्ज घेणारे साहेब म्हणाले, "बाई, असं मोघम चालत नाही." मी म्हणाले, "माझा भाऊपण मोघमच हरवलाय. घ्या."

उत्तर आलं त्यात एकच नोंद होती. गोदामातली भंगारचोरी, आरोपी अटकेत, दोषारोपपत्र कोर्टात दाखल. आरोपीचं नाव शुक्रा हिरू भुरकूड, राहणार झरी.

मी कागद बाजूला ठेवला. माझ्या मनात आलं, हा कोण चोर आमच्याच आडनावाचा? अंगणवाडीतल्या पोरांना खाऊ वाटायला उठले. ताटलीत उसळ वाढता वाढता हात थांबला.

शुक्रा म्हणजे आमचा शुक्रा. आम्हा वारल्यांत ज्या वारी पोर जन्मलं त्या वाराचं नाव. माझा भाऊ शुक्रवारी जन्मला म्हणून शुक्रा. शाळेत घातला तेव्हा गुरुजी म्हणाले, हे काय नाव झालं? आणि त्यांनी हजेरीत सुनिल लिहिलं. मी घरात बायजी, शाळेत निर्मला. पाड्यावर सगळ्यांना अशी दोन दोन नावं. घरचं नाव आम्ही चपलांसारखं ऑफिसच्या बाहेर काढून ठेवतो, ते आत घेऊन जायची लाज वाटते. मीही तेच केलं होतं. गोदामात मात्र तो शुक्रा म्हणूनच राबत असणार, मुकादम खरंच बोलला होता. आणि पाठीत दांडका बसल्यावर माणसाच्या तोंडून आईने ठेवलेलंच नाव निघतं. सुनिल हरवला होता आणि शुक्रा सापडलेला होता. दोन्ही कागद एकाच ठाण्यात, बहुतेक एकाच कपाटात होते.

खाऊची ताटली माझ्या हातातून पडली. पोरं हसली. मी खाली बसून सांडलेली उसळ गोळा करू लागले.

दुसऱ्या दिवशी डहाणू गाठलं. अमृतभाई म्हणून नरपडचे एक वकील आहेत, चिकूची वाडी सांभाळून वकिली करतात. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "निर्मलाबेन, पहिला नक्कल काढू. केसमधे काय काय झालंय ते बघितल्याशिवाय नुसतं बोलण्यात काय अर्थ नाय." कोर्टाच्या कागदाची शिक्क्याची प्रत म्हणजे नक्कल. नक्कल विभागात अर्ज दिला. नक्कल हातात आली तेव्हा आम्ही कोर्टाबाहेरच्या बाकावर बसलो आणि अमृतभाई पानं उलटत वाचू लागले.

"अरे देवा," ते म्हणाले. "याला बेल तर केव्हाच मिळालीय."

"मग तो कुठे आहे?"

"आतच. जामीनदार कोण आलाच नाय ना. तारखेला इकडेच आणतात त्याला."

इकडेच. त्या सबंध काळात मी मीटिंगला डहाणूला येत होते. या कोर्टासमोर रिक्षेची वाट बघत उभी राहत होते. त्यातल्या एखाद्या दिवशी तो आत असणार. अमृतभाईंनी पाण्याची बाटली पुढे केली.

"पण घरी कळवायला नको?" मी ओरडलेच. "माणसं मेली होती का आमची?"

"कळवायला गेले होते. हे बघा, जबाब आहे." त्यांनी पान माझ्यापुढे धरलं. मी वाचलं. 'सदर पत्त्यावर जाऊन चौकशी केली असता घरातील वृद्ध महिला नामे नवशी हिरू भुरकूड हिने सांगितले की, अशा नावाचा इसम येथे राहत नाही व आमचे ओळखीचा नाही.' खाली डाव्या हाताचा अंगठा.

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. मला वाटलं, पोलिसांनी खोटं लिहिलंय. देवा, त्यांनी खोटंच लिहिलेलं असू दे.

घरी पोचले तेव्हा आई अंगणात तांदूळ पाखडत होती. मी तिच्यासमोर कागद धरला. तिला वाचता येत नाही, मीच वाचून दाखवला. तिच्या हातातलं सूप थांबलं.

"हो. मीच सांगलां," आई म्हणाली. "तू आंगनवाडीत व्हतीस तवा आलता पोलीस. इचारं, शुक्रा अठंच रेहे का? मी सांगलां, नाय. असा कोन नाय अठं. पोलिसाला कोन हाय सांगल?"

"आणि मला का नाही बोललीस?"

"तू रोज उठून ठान्यात जास. तुना सांगलां असतां तं तू त्यांना सांगतीस." तिने सुपातला एक खडा वेचून टाकला. "मना वाटलां, तो पलला. रानात नाय तं गुजरातमधं कठं तरी हाय. पोलीस गेलं इसरून का येल."

म्हणून तिच्या घशाखाली घास उतरत होता. पोरगा सुटलाय आणि आपणच त्याला वाचवलंय, या समाधानात ती भाकरी थापत होती. मला तिचा संताप आला, आणि त्या संतापाचीच लाज वाटली. पाड्यावर कोणालाही विचारा, पोलीस दारात आले तर काय सांगायचं? कोन नाय, ठावा नाय. दूध सुटायच्या आधी आम्ही हे शिकतो.

"मग तो कठं हाय?" तिने विचारलं.

मी सांगितलं. मग तिने विचारलं, "मी नाय सांगलां म्हनून?"

मी अंगणवाडीत दिवसभर खोटं बोलते, राक्षस येईल, कावळा घास नेईल. पण त्या वेळी मला एक खोटं सुचलं नाही. मी म्हणाले, "हो, आये." तिने सूप खाली ठेवलं आणि डोक्यावर पदर ओढून घेतला.

पुढच्या तारखेला अमृतभाईंनी जामिनाचे कागद तयार ठेवले. जामीनदार मी. आई म्हणाली, मी पन येतां. मी नको म्हटलं नाही. कोर्टात मागच्या भिंतीला चिकटून ती उभी राहिली. पोलीस पाहिला की ती डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढायची.

शुक्राला आणलं. मी ओळखलं नसतं. केस कापलेले, गळ्याची हाडं वर आलेली. मॅजिस्ट्रेट बाईंनी माझे कागद पाहिले आणि त्याला विचारलं, "या बाई तुझ्या बहीण आहेत म्हणतात. ओळखतोस यांना?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग मागे आईकडे पाहिलं आणि तिच्या दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या शिपायांकडे पाहिलं. त्याचे डोळे एवढे मोठे झाले. आम्हालाही धरून आणलंय असं त्याला वाटलं, हे मला त्याच क्षणी कळलं.

"नाय साहेब," शुक्रा म्हणाला. "मी नाय ओलखत. माझा कोन नाय."

अमृतभाईंनी कपाळावर हात मारला. मॅजिस्ट्रेट बाईंनी पेन उचललं. ते टेकलं असतं तर तो पुन्हा आत गेला असता.

तेवढ्यात मागून आवाज आला. आई शिपायांना ढकलून पुढे आली होती, पदर खांद्यावर घसरलेला. जन्मात कुठल्या साहेबापुढे तोंड न उघडलेली माझी आई कोर्टात ओरडली, "साहेब, पोऱ्या खोटा बोलं! माझा हाय तो. शुक्रा हाय, माझा शुक्रा! तवा मी पन खोटीच बोललूं, लिहून घ्या, मना धरा!"

तिने आपणहून डावा अंगठा पुढे केला. आणि तिकडे शुक्रा आरोपीच्या कठड्याला धरून, लहान पोरासारखा मोठ्याने "आये, आये" करू लागला.