डिलीट केलं, झालं

"हिला नीट बघा, बाई. ही काल गच्चीवरनं पडून मेली म्हनं."

महादेवप्पा हालकुडे यांनी सतरा वर्षांच्या लेकीला विनीताबाईंच्या टेबलापुढे उभं केलं. ऋतुजाच्या गळ्यात अजून क्लासचं ओळखपत्र होतं. 'दैनिक कंदील'च्या लातूरच्या कचेरीत सकाळचा चहा आला होता, तो टेबलावर तसाच राहिला.

झालं होतं ते असं. आदल्या दिवशी सकाळी क्लासच्या गल्लीत एक मुलगी होस्टेलच्या गच्चीवरून पडून मरण पावली. नाव ऋतुजा, एवढंच कळलं होतं. तेवढ्यावर 'कंदील'च्या मोबाईलवरच्या पानाला धीर निघेना. मालकांचा पुतण्या अनिमेष ते पान बघायचा, आणि छापील अंकातही आता त्याचाच शब्द शेवटचा असायचा. त्यानं गुणवंतांच्या फलकावरून हाती लागली ती ऋतुजा उचलली, फोटो, आडनाव, गाव सगळ्यासकट, आणि वर लिहिलं, 'प्रेमप्रकरणातून उडी?' प्रश्नचिन्ह टाकलं की पाप धुतलं जातं, असा या नव्या मंडळींचा समज आहे.

"जळकोटात शेजारनीच्या मोबाईलवर हिच्या मायनं बघितलं," महादेवप्पा सांगू लागले. "फोन लावावं तर क्लासवाले पोरींचे मोबाईल जमा करून घेतेत. भावकीनं शेतात खड्डा खांदायला घेतला, बाई. मी जीप करून मढं न्यायला आलो, तर ही दप्तर घेऊन क्लासातून येत व्हती."

विनीताबाईंनी खुर्ची ओढून ऋतुजाला बसवलं. तीस वर्षं त्या इथं निधनवार्ता बघत होत्या. घरच्या किंवा शेजारच्या दोन माणसांनी सांगितल्याशिवाय त्या कुणाचंही नाव त्या रकान्यात जाऊ देत नसत. भूकंपाच्या वर्षी त्या नव्या होत्या, तंबूतंबूंतून मृतांची नावं गोळा करायच्या, आणि घाईत एक जिवंत माणूस त्यांनी यादीत घातला होता. तेव्हाच्या संपादकांनी दुसऱ्या दिवशी पहिल्याच पानावर, यादीच्याच टायपात, चूक कबूल केली होती. त्या दिवशी विनीताबाई लाजेनं जेवल्या नव्हत्या.

अनिमेष आतून आला. "काका, पोस्ट चाळीस मिनिटांत डिलीट केली आपण. आता विषयच संपला."

"मग त्यो खड्डा बी डिलीट करा की," महादेवप्पा म्हणाले. "तुमी पुसलं, लोकांच्या मोबाईलात हायच ना ते! आता गाव म्हनतंय, उडी मारलीच व्हती, वाचली, बापानं पैसे चारून दाबलं. हिचा चुलता म्हनतोय, शिक्षण बंद, पोरगी घरी आना. मला कागदावर द्या. त्यो मोबाईल नगं. पेपरात छापा, ती ही न्हवं म्हनून."

अनिमेषनं क्षणभर विचार केला आणि त्याचा चेहरा उजळला. "त्यापेक्षा हिचा व्हिडिओ करू. 'मी जिवंत आहे!' लाखभर लोक बघतील, काका."

"माझा फोटो परत कुठं लावू नका," ऋतुजा म्हणाली. आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलली. "मला बायलॉजीची टेस्ट द्यायची व्हती आज."

विनीताबाईंचं डोकं फिरलं. "अनिमेष, उद्या पहिल्या पानावर चूक छापायची. हिच्या नावानिशी."

"मॅडम, पहिलं पान पूर्ण जाहिरातीला गेलंय. क्लासचा निकाल आहे. सातव्यावर टाकतो. तसंही छापलेलं वाचतंय कोण आता?"

त्याचं शेवटचं वाक्य खोटं नव्हतं, म्हणूनच ते जास्त झोंबलं. अकरा हजारांचा खप अठराशेवर आला होता. जळकोटचं पार्सल तर दोन वर्षांपूर्वीच बंद झालं होतं, तिथली माणसं मोबाईलवर वाचतात म्हणून. मग जळकोटच्या माणसांनी काल मोबाईलवर काय वाचलं, हे विचारायला कुणी गेलं नव्हतं.

त्यांनी चार ओळी लिहिल्या, महादेवप्पांना वाचून दाखवल्या, स्वतः पानात लावून घेतल्या आणि मगच घरी गेल्या. जीप कालच परत पाठवली होती, म्हणून बापलेक दुपारच्या एसटीनं जळकोटला गेले. "उद्या मी अंक घेऊन येते," असा शब्द बाईंनी दिला होता.

सकाळी त्यांनी चाळीस अंक बांधून घेतले आणि एसटीत बसल्यावर सातवं पान उघडलं. कोपऱ्यात अंगठ्याएवढी चौकट होती: 'खुलासा. तांत्रिक कारणामुळे एका विद्यार्थिनीबाबत चुकीची माहिती प्रसारित झाली. गैरसमज नसावा.' ऋतुजाचं नाव उडालं होतं. चूकही उडाली होती. तांत्रिक कारण म्हणे! यंत्रानं उचलला होता काय फोटो? बाईंनी तिथल्या तिथं अनिमेषला फोन लावला. त्यानं तो कापला.

उदगीरला उतरून परत फिरावं, असं एकदा त्यांच्या मनात आलं. पण शब्द दिला होता.

हालकुड्यांच्या ओसरीवर परवा रडायला आलेल्याच बायका आज ऐकायला बसल्या होत्या. भावकीतली माणसं, तो चुलता, सगळे होते. ऋतुजा दाराआड उभी होती. विनीताबाईंनी चौकट होती तशी वाचली. खोटं वाचणं त्यांना जमलं नसतं.

गुरम्मानं, ऋतुजाच्या आईनं, अंक हातात घेतला. तिला वाचता येत नव्हतं. "माझ्या लेकीचं नाव कुठं हाय ह्यात?"

"नाही," विनीताबाई म्हणाल्या. "मी लिहिलं होतं. त्यांनी काढलं."

"बगा," चुलता म्हणाला, "पेपरवाले बी नाव घ्यायला भ्यायलेत. काय तरी असल्याबिगर का?"

महादेवप्पांनी मान खाली घातली. विनीताबाईंना वाटलं, आपली तीस वर्षं या ओसरीवर कुणीतरी चिंधीसारखी टाकून दिली. त्यांना रडू आलं नाही, संताप आला. त्यांनी पिशवीतून जाड लाल पेन काढलं, ओसरीवर मांडी घातली आणि अंकाचं पहिलं पान वर केलं. पानभर क्लासच्या मालकांचा हसरा चेहरा होता, खाली पासपोर्टएवढे गुणवंत. त्या हसऱ्या चेहऱ्यावरून आडवं त्यांनी लिहिलं:

'ऋतुजा महादेवप्पा हालकुडे. गच्चीवरून पडलेली मुलगी ही नव्हे. चूक दैनिक कंदीलची आहे.'

खाली सही केली, नाव घातलं, हुद्दा घातला, स्वतःचा फोन नंबर घातला. तो अंक त्यांनी चुलत्याच्या हातात दिला आणि दुसरा पुढे ओढला.

"नोकरी जाईल, बाई," महादेवप्पा हळूच म्हणाले.

"जाऊ दे."

चुलत्यानं अंक लांब धरून, ओठ हलवत वाचला. सहीपाशी थांबला. मग त्यानं त्याची घडी घातली आणि बंडीच्या खिशात ठेवली. बायका एकेक करून पुढे येऊ लागल्या, आणि पोरीबद्दल काय काय बोलल्या होत्या ते आठवून की काय, अंक दोन्ही हातांनी घेऊ लागल्या. एकानं फोटो काढायला मोबाईल उचलला. गुरम्मानं तो खाली दाबला. "कागद ने घरी. घरच्यांला वाचून दाखव."

चाळिसावा अंक गुरम्माचा होता. ऋतुजा दाराआडून बाहेर येऊन आईशेजारी बसली होती.

"ह्याच्यावर जरा मोठं लिवा," गुरम्मा म्हणाली. "उद्या ही क्लासला निघंल, तवा दारावर लावायचाय."

विनीताबाईंनी पेन पुन्हा हातात घेतलं. शाई संपत आली होती, म्हणून प्रत्येक अक्षर त्यांनी दोनदा गिरवलं.