न चाललेल्या शंभर डॉलरचं गाऱ्हाणं

मी एक जुनी शंभर डॉलरची नोट आहे. जुनी म्हणजे वयानं नव्हे, हालांनी. सध्या बेंगळुरूत, प्रतिमाच्या पर्सच्या चोरकप्प्यात पडून आहे, आणि अर्धवट चघळलेली खोकल्याची गोळी मला चिकटली आहे. शी! या घरात स्वच्छता कशाशी खातात, देव जाणे.

मित्रांनो, प्रतिमाच्या नवऱ्यानं, महांतेशनं, व्हाइटफील्डच्या परकीय चलनाच्या दुकानातून मला आणलं तेव्हा मी कोरी करकरीत होते. बालीला जाऊन मला मोडायचं आणि तिथले पैसे घ्यायचे, असा बेत होता. चामराजपेटच्या घरी येताच त्याच्या आईनं, गंगव्वानं, मला देवापुढं ठेवलं. "लक्ष्मी आहे, स्वल्प हळदकुंकू लावते," म्हणाली. तेही तुपाच्या बोटानं! तूप अंगात मुरलं, कुंकू पसरलं, वर चार घड्या. नको नको म्हटलं, पण माझं ऐकतो कोण?

तिघंही बालीला गेली, आणि तिथं जवळच्याच एका लहान बेटावर गंगव्वाचा दमा उसळला. तिचा पंप संपला होता. महांतेश तिच्यापाशी बसला, प्रतिमा मला घेऊन धावली. औषधाच्या दुकानात तिथलीच रोकड लागत होती, आणि बेटावरचं एकुलतं एटीएम बंद. पैसे बदलणाऱ्यानं मला मेलेल्या झुरळासारखं दोन बोटांत धरलं, डाग दाखवला आणि परत ढकललं. दुसऱ्यानं हुंगून तोंड फिरवलं. प्रतिमानं मला ओढणीनं खसाखसा पुसलं, तर डाग आणखीच पसरला. तिकडं म्हातारीला श्वास पुरत नव्हता, आणि मी एका पंपाच्याही कामाची नव्हते. माझी मलाच शिसारी आली.

शेवटी प्रतिमानं मनगटावरचं घड्याळ काढून औषधवालीपुढं ठेवलं. त्या बाईनं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि पंप दिला.

तासाभरानं गंगव्वा उठून बसली. "चालली ना गं आपली लक्ष्मी?" तिनं सुनेला विचारलं.

"चालली, अत्ते. बघताक्षणी घेतली." असं म्हणताना प्रतिमानं मूठ घट्ट मिटली. त्या मुठीत मी होते.

मित्रांनो, परदेशी निघालात तर आम्हाला कोरं ठेवा, घडी घालू नका, हळदकुंकू तर मुळीच नको. पुढच्या महिन्यात महांतेश कामासाठी पुन्हा तिकडं निघालाय, नवी नोट आणणार आहे. मागच्या खेपेला कुंकवानंच काम झालं, असं गंगव्वा शेजारणींना सांगत सुटली आहे. कुणीतरी त्या म्हातारीला खरं काय ते सांगा. प्रतिमाच्यानं ते सांगवणार नाही.