टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या

मी एक जुनी टॉर्च आहे. पेनाएवढी, पितळी, टोकाला जरा चेपलेली. मित्रांनो, मी कधी कुणाला रस्ता दाखवला नाही. डॉक्टरबाईंच्या खिशात राहायचं आणि माणसांच्या डोळ्यांत डोकवायचं, एवढंच माझं काम. माझा उजेड पडला की डोळ्यातली काळी बाहुली आकसते, सरला की पुन्हा पसरते. याचं मला अजूनही नवल वाटतं.

एका दुपारी फुलांच्या हरितगृहात फवारणी करणारा माळी बायकोला उचलून रुग्णालयात धावत आला. शिस्तीचा इतका पक्का, की सगळे त्याला नियमबुवा म्हणायचे. तिच्या तोंडातून लाळ गळत होती, अंग घामाने निथळत होतं, छातीत घरघर होती.

"शिळंपाकं काही खाल्लं का?" सिस्टरनी विचारलं.

"नाही हो. कपडे धुता धुता कोसळली."

डॉक्टरबाईंनी मला पेटवलं. तिच्या बाहुल्या आधीच टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. मी विझले, तरी तशाच.

"कपडे कुणाचे होते?"

"माझे. पंप गळला, पाठ भिजली. पण मी तिथंच साबण लावून आंघोळ केली, कपडे बदलले. नियमच आहे तसा."

"आणि भिजलेले कपडे?"

"पिशवीत घालून घरी..." त्याची नजर तिच्या हातांवर गेली.

मग सगळ्यांची धावपळ उडाली. सिस्टरनी हातमोजे चढवले, तिचे कपडे काढले, साबणाने अंग धुतलं. छाती मोकळी होईपर्यंत बाई पुन्हा पुन्हा इंजेक्शन देत राहिल्या.

"नस स्नायूला निरोप देते," बाई त्याला समजावत होत्या, "आणि काम झालं की शरीर तो निरोप पुसून टाकतं. तुमचं फवारणीचं औषध त्या पुसणाऱ्यालाच जखडून ठेवतं. किड्यात काय, माणसात काय, सारखंच. दारावरची घंटा अडकून वाजत राहावी, तसं होतं. चोळून धुताना ते हातांच्या कातडीतून आत गेलं."

"मी स्वतःला तेवढं धुतलं," तो पुटपुटला.

संध्याकाळी ती बोलली. "अहो, तोंडाला कोरड पडलीय. बघून घ्या, माझं तोंड पहिल्यांदाच बंद पडलंय. आणि तुम्ही धूसर दिसताय."

"इंजेक्शनचा परिणाम आहे, जाईल," बाई म्हणाल्या.

"राहू द्या की. असेच बरे दिसतात."

तो हसायला गेला आणि रडला.

त्यानंतर त्याने मालकापुढे ठाण मांडलं. आता फवारणीचे कपडे हरितगृहातच, हातमोजे घालून, वेगळे धुतले जातात. घरी येत नाहीत.

हल्ली नवे डॉक्टर मोबाइलचा उजेड वापरतात. मी खणात असते. मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. पण फवारणी करून कुणी घरी आलं, तर त्यांचे कपडे कुठे आहेत तेवढं विचारा. त्या दिवशी बाईंनी मला शेवटचं पेटवलं, तेव्हा तिच्या बाहुल्या चांगल्या मोठ्या झाल्या होत्या, आणि दोन्हींत नियमबुवा मावला होता.