थंड पाकीट आणि गरम ताट

नवरा आठ महिन्यांनी सीमेवरून रजेवर आला, तेव्हा घरातल्या थोरल्या सुनेने, थोरलीने, सकाळपासून स्वयंपाकाचा घाट घातला. कोंबडीचा रस्सा, मऊ भात, वर तळलेले बटाटे. तो ताटावर बसला, दोन घास चिवडले आणि उठून पिशवीतून फौजेच्या तयार जेवणाचं खाकी पाकीट काढलं. दातांनी कोपरा फाडला आणि भिंतीला पाठ लावून थंडच खाल्लं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच.

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यात तिची धाकटी जाऊ ही पाकिटं भरणाऱ्या कारखान्यातच कामाला. डोक्याला जाळी बांधून ती पाकिटांची तोंडं बंद करायच्या मशीनवर दिवसभर उभी असायची. नवरा बोलता बोलता म्हणाला, की तिकडे पाकीट फाडताना वाटायचं, हे आपल्या घरातल्या माणसाच्या हातून गेलं असेल. धाकटी लाजून हसली. थोरलीला ते हसू डोळ्यांत खुपलं. तिने दर आठवड्याला पत्र धाडलं होतं. त्याबद्दल चकार शब्द नाही, आणि मशीनचं बटण दाबणारीचं मात्र कौतुक!

चौथ्या दिवशी तो न्हाव्याकडे गेल्यावर तिने उरलेली सगळी पाकिटं कचऱ्याच्या गाडीत टाकून दिली.

तो परतला, पिशवी उलटीपालटी केली. मग ती खुंटीला अडकवून ठेवली. त्या दिवशी तो नुसत्या चहावर राहिला. दुसऱ्या दिवशीही. तिने त्याच्या आवडीचं सगळं करून पाहिलं, पण हातातला घास तो पुन्हा ताटात ठेवी. तिचा राग कुठल्या कुठे पळाला आणि तिला भीती वाटू लागली.

संध्याकाळी भांडी विसळताना धाकटी हळूच म्हणाली, "ताई, पाकिटं तुम्हीच टाकलीत ना?"

"टाकली. तुला काय त्याचं?"

"मला काही नाही. महिन्यातून एकदा आम्हाला ती चाखावी लागतात. माझ्या घशाखाली उतरत नाहीत. भावोजी आवडीने खात नसणार."

थोरली हात पुसून बाहेर गेली. नवरा पायरीवर बसला होता. तिने सरळ कबूल केलं, आणि माझ्या हातचं नकोसं झालंय का, असंही विचारलं.

तो बुटांच्या नाड्या सोडू लागला. मग म्हणाला, की बर्फात वाट बंद झाली तेव्हा नऊ दिवस तिघांत रोज एकच पाकीट होतं. वाट मोकळी झाली तेव्हा तो एकटाच जिवंत खाली उतरला.

"गरम ताट समोर आलं की ते दोघं आठवतात गं. घास तोंडापर्यंत जात नाही. पाकीट तर त्यांनीही खाल्लं होतं."

थोरली त्याच्या शेजारी टेकली.

सकाळी तिने मान खाली घालून धाकटीला कारखान्यातून पाकिटं मिळतील का विचारलं. धाकटीने साहेबांना गळ घालून चेपलेली सहा आणली. थोरलीने चमचा घेतला आणि नवऱ्याबरोबर त्याच पाकिटातलं खाल्लं. चव अगदीच वाईट नव्हती, आणि याचाच तिला जास्त राग आला.

रजा संपेपर्यंत तो तिच्या ताटातले चार-पाच घास खाऊ लागला. स्टेशनवर निघताना त्याने धाकटीचेही आभार मानले, तेव्हा थोरलीच्या काळजात पुन्हा बारीकशी कळ उठलीच. पण या खेपेला पिशवीत उरलेली पाकिटं तिने स्वतःच्या हाताने भरली होती.